डोहात उरलेली नदी



स्मृतिव्याख्यानाला उभा राहणारा माणूस सहसा मोठा विषय घेतो. मी निवडलेले प्राणी बोटाच्या पेरावर मावतात. संयोजकांना मी ‘ओढ्यातले किडे’ असा विषय कळवला होता. पत्रिकेवर ‘नदी आणि पर्यावरण’ असे छापून आले. सभागृह रिकामे राहू नये एवढाच त्यांचा हेतू असणार, तेव्हा तक्रार नाही. बोलणार मात्र किड्यांविषयीच आहे, आणि त्यांच्या शेजारपाजारच्या खेकडे-झिंग्यांविषयी, शंख-शिंपल्यांविषयी, जळवांविषयी. पाठीचा कणा नसलेल्या या सगळ्या मंडळींना शास्त्रात अपृष्ठवंशी म्हणतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणाला उठावे लागले तरी हरकत नाही. आदिलाबादकडच्या बहुतेक ओढ्यांना वर्षातले काही महिने वाहते पाणी नसते. अशा ओढ्यात कोणी राहायचे आणि कोणी नाही, याचा निकाल फेब्रुवारी ते जून या काळात, मागे उरलेल्या डोहांमध्ये लागतो. आणि नदीविषयी आपण जे काही मोजतो, जे काही बांधतो, त्यात या डोहांची कुठे नोंदच नसते.

जिल्ह्याचे पाणी दोन वाटांनी जाते. उत्तरेच्या हद्दीवर पैनगंगा. बुलढाण्याकडे अजिंठ्याच्या डोंगरात ती उगवते, वाशिम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ असे करीत आपल्या जैनथ-बेल्याच्या शिवाराला लागून वाहते आणि पुढे घुग्घुसजवळ वढा इथे वर्धेला मिळते. सातनाला तिचाच. दुसरी वाट कडेमची. बोथकडच्या डोंगरातले पाणी गोळा करीत ती नेरडीगोंड्याजवळ कुंतल्याच्या कड्यावरून सुमारे ४५ मीटर खाली उडी घेते आणि दक्षिणेला, आता निर्मल जिल्ह्यात गेलेल्या मुलखातून, गोदावरीला जाते. पैनगंगेचे पाणीही वर्धा आणि प्राणहिता असा वळसा घालून शेवटी काळेश्वरला गोदावरीतच पडते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा कागदावर नद्यांचे तुकडे पडले. पैनगंगेच्या दोन काठांवर तर दोन राज्ये, दोन प्रदूषण मंडळे आणि दोन पाटबंधारे खाती आहेत.

आता डिसेंबरातला कडेमचा एक दगड उचलू. धबधब्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी गुडघ्याखाली आहे आणि गोट्यांवरून खळखळत जाते, तिथला तळहाताएवढा दगड. तो अलगद उलटा करायचा आणि पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात ठेवायचा. पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, नुसता ओला दगड. मग एक डाग सरकतो. तो मेफ्लायचा पाणकिडा. अंग इतके चपटे की दगडावर कोणी रंगाचा फराटा ओढला असावा; डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, पाय आडवे पसरलेले, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारख्या कल्ल्यांच्या जोड्या आणि मागे लांब शेपट्या. शेजारी वाळूच्या कणांची एक नळी चिकटलेली असते. नळीला स्पर्श केला की तिच्या तोंडातून एक डोके बाहेर येते आणि लगेच आत जाते. ही कॅडिसफ्लायची अळी. लाळेतून निघणाऱ्या रेशमाने तिने एकेक कण निवडून जोडलेला असतो. तिचीच एक चुलत जात घर करीत नाही, दोन दगडांच्या फटीत रेशमाचे जाळे ताणते. जाळ्याचे तोंड बरोबर प्रवाहाकडे असते. वाहत येईल ते अडकते आणि बाई बसल्या जागी जेवतात. पाण्याबाहेर दगड काढला की ते जाळे चिकट बुळबुळीत पदर होऊन लोंबते. बहुतेक जण ते शेवाळ समजून पुसून टाकतात.

हे सगळे त्या एका दगडावर का आहेत आणि दोनशे पावलांवरच्या मऊ रेतीत का नाहीत? पहिले उत्तर प्रवाहाचे. वाहते पाणी दगडाला घासून जाते तिथे अगदी पृष्ठभागालगत पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ थबकलेला असतो. चपट्या किड्याचे निम्मे आयुष्य त्या थरात जाते. वरून पाणी धावते, ताजा प्राणवायू आणते, खाली किडा वाहून जात नाही. मात्र दगड स्थिर हवा आणि त्याच्या खाली पोकळी हवी. रेती सतत सरकते. तिच्यावर शेवाळाचा थर धरत नाही, जाळे ताणायला दोन कडा मिळत नाहीत, म्हणून उघड्या सरकत्या रेतीवर फार थोड्या जाती दिसतात. रेतीच्या खाली मात्र वेगळीच गंमत आहे. तिथे पुढे येतोच.

दुसरे उत्तर उष्णतेचे. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, ३० अंशांना साधारण ७.६. प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी किड्याच्या शरीराची भूक वाढते, कारण थंड रक्ताच्या प्राण्याचा चयापचय पाण्याच्या तापमानाबरोबर चढतो. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे आणि उन्हाळा सगळ्यांनीच सोसला आहे. जानेवारीच्या पहाटेचे पाणी आणि मे महिन्याच्या दुपारी उघड्या उथळ डबक्यातले पाणी, एवढा फरक एकाच प्राण्याने एकाच वर्षात झेलायचा असतो. युरोपातल्या डोंगरी ओढ्यातल्या किड्यावर ही वेळ येत नाही.

इथे थोडे थांबतो, कारण या फरकातून एक चूक आपल्याकडे सर्रास होते. पाण्यातल्या जिवांवरून पाण्याची प्रत ओळखायची ही कल्पना जर्मनीतली. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी ती १९०२ पासून पुढच्या काही वर्षांत मांडली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्राण्यांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत आली. स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातल्या स्टोनफ्लायला १०, गाळात तगणाऱ्या गांडूळवर्गी कृमींना १. ओढ्यात सापडलेल्या कुळांचे गुण मिळवायचे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतासाठी याच धर्तीचे निकष केले. पद्धत स्वस्त आहे, शाळेतल्या मुलालाही जमते, आणि बाटलीतल्या नमुन्यापेक्षा एका बाबतीत सरस आहे. बाटलीत त्या घटकेचे पाणी येते. रात्री दोन वाजता कोणी काही ओतले आणि सकाळी ते वाहून गेले, तर बाटली साफ असते. किडा मात्र महिनोन्‌महिने तिथेच बसलेला असतो. तो मेला की साक्ष उरते.

पण गुणपत्रिका जशीच्या तशी उचलली तर घोटाळा होतो. स्टोनफ्लाय हा मुळात थंड पाण्याचा गट. द्वीपकल्पात त्याच्या मोजक्याच जाती आहेत, आणि त्याही बहुतेक घाटातल्या सावलीच्या ओढ्यांत. पैनगंगेच्या मैदानी पात्रात स्टोनफ्लाय नाही म्हणून नदी घाण आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे आदिलाबादला सफरचंद पिकत नाही म्हणून जमीन नापीक ठरवण्यासारखे आहे. आधी हे कळायला हवे की धक्का न लागलेल्या, पण आटणाऱ्या, तापणाऱ्या आपल्या ओढ्यात काय काय असते. मगच काय हरवले ते सांगता येईल.

तिसरे उत्तर खडकाचे, आणि इथे आदिलाबादला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. जुना हैदराबाद-नागपूर रस्ता निर्मलच्या घाटाने चढून आपल्या डोंगरांतून जातो. १८३० च्या दशकात मद्रास फौजेतले डॉक्टर जे. जी. माल्कमसन या रस्त्याने जाताना बेसॉल्टच्या थरांमध्ये दबलेल्या गारगोटीसारख्या खडकात गोड्या पाण्यातले शंख शोधत होते. ते त्यांना सापडले. १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांचा निबंध छापला, आणि त्यातच एका शंखाला जेम्स प्रिन्सेप यांच्या नावावरून फायसा प्रिन्सेपाय असे नाव मिळाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक लोट थंड झाल्यावर त्यावर तळी साचली, त्यांत शंख वाढले, आणि पुढच्या लोटाखाली गाडले गेले. म्हणजे दोन ज्वालामुखी लोटांच्या मधल्या सवडीत गोगलगायींनी संसार थाटला. आटणे, भाजणे आणि पुन्हा येणे यांची इथली परंपरा फार जुनी आहे.

आजच्या शंख-शिंपल्यांनाही खडकच पोसतो. आदिलाबाद शहराच्या आसपास पैनगंगेच्या नावानेच भूशास्त्रात ओळखला जाणारा चुनखडीचा पट्टा आहे. सिमेंटचा कारखाना इथे आला तो त्याच्याच जोरावर. चुनखडीवरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम मुबलक असते आणि कवच बांधायला तेच लागते. उलट ग्रॅनाइटवरून उतरणारे पाणी मृदू. त्यात जाड कवचाच्या शिंपल्यांना कष्ट पडतात. म्हणून दोन ओढ्यांची तुलना करताना त्यांच्या खालचा खडक आधी विचारावा. कारखाने आणि सांडपाणी नंतर.

चौथे उत्तर पानांचे, आणि मला स्वतःला हे सगळ्यांत रंजक वाटते. १९८० मध्ये व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रिव्हर कंटिन्यूअम’ हा सिद्धान्त मांडला. नदीच्या उगमाकडे झाडांची गर्द सावली, म्हणून पाण्यात शेवाळ कमी आणि पडलेली पाने जास्त. तिथे पाने कुरतडणारे किडे. मधल्या टप्प्यात ऊन, दगडावर शेवाळ. तिथे खरवडून खाणारे. खाली, मोठ्या नदीत, वरून वाहत आलेला चुरा गाळून खाणारे. अमेरिकेतल्या समशीतोष्ण ओढ्यांवरून बांधलेला हा सिद्धान्त सुंदर आहे, आणि आपल्याकडे त्याचे गाडे पानगळीलाच अडते. त्यांच्याकडे पाने शरद ऋतूत गळतात, तेव्हा ओढा थंड आणि वाहता असतो. आपला साग, ऐन, धावडा, मोह पाने टाकतात ते हिवाळ्याच्या अखेरीपासून, म्हणजे ओढ्याची धार तुटत असताना. पाने पडतात कोरड्या गोट्यांवर किंवा साचलेल्या डोहात. डोहातले पाणी काळ्या चहाच्या रंगाचे होते, कुजण्यात प्राणवायू संपतो. कोरड्या पात्रातला पाचोळा जूनपर्यंत तसाच वाळत पडतो आणि पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम खाली जातो. मृगाचे पहिले पाणी काळेभोर, फेसाळ येते आणि कधी कधी त्याबरोबर मासे वर तोंड काढून तडफडताना दिसतात, त्यामागे हेही एक कारण असते. गावात मात्र लगेच कोणीतरी विष घातले अशी बोलवा उठते. कधी कधी ती खरीही असते.

हाँगकाँगचे डेव्हिड डजन यांनी उष्णकटिबंधी आशियातल्या ओढ्यांवर हयात घालवली. पाने कुरतडणारे किडे या भागात तुलनेने कमी असतात हे त्यांनी दाखवले. मग पान कोण फोडते? बराचसा वाटा बुरशी-जिवाणूंचा, आणि आपल्या ओढ्यात उरलेला बराचसा खेकड्याचा आणि झिंग्यांचा असावा, असे मला वाटते. म्हणून खेकडा गेला तर नुसती भाजी जात नाही, पाचोळ्याचा कारभारच अडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला. त्याचा हिशोब असा, की जगातल्या नद्या-ओढ्यांची एकूण लांबी धरली तर ५१ ते ६० टक्के लांबीवर वर्षातला किमान एक दिवस तरी पाणी वाहत नाही. बारमाही नदी हा जगात निम्म्याहून कमी भाग आहे. पाठ्यपुस्तके मात्र त्याच भागावर लिहिली गेली. आपण तीच पाठ केली आणि आटलेल्या ओढ्याकडे ‘मेलेला ओढा’ म्हणून बघायला शिकलो.

आटणाऱ्या ओढ्यातल्या प्राण्यांपुढे चार रस्ते असतात. एक, उडून जाणे. पाऊस सरताना सोयाबीन-कपाशीच्या शेतांवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात ते सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांत पँटाला फ्लॅवेसेन्स नावाची जात पुष्कळ असते. तिची पिल्ले पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढून उडतात. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे मांडले, की हे चतुर ईशान्येच्या वाऱ्याबरोबर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. कपाशीवरचा चतुर मोझांबिकला चालला आहे, हे मनात ठेवून एकदा त्याच्याकडे बघा.

दुसरा रस्ता झोपी जाण्याचा. पायला ही मोठी गोगलगाय कवचाचे झाकण घट्ट लावून चिखलात उन्हाळा काढते. काही किड्यांची अंडी कोरडी राहून पाण्याची वाट पाहतात. आफ्रिकेतल्या एका चिलटाची अळी तर पूर्ण वाळते आणि सतरा वर्षांनी ओली केल्यावर जिवंत झाल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या किड्यांकडून एवढी अपेक्षा नको. तिसरा रस्ता खाली उतरण्याचा. रेतीच्या आणि गोट्यांच्या खाली ओल टिकते, पाणी अंधारात सावकाश सरकत असते. खेकडा बीळ खणत ओलीपर्यंत जातो. लहान अळ्या रेतीच्या कणांमधल्या पोकळीत शिरतात. मघाशी रेतीला मी वाळवंट ठरवले ते वरच्या थरापुरते. उन्हाळ्यात तीच रेती तळघर होते.

चौथा रस्ता डोहाचा, आणि ज्यांना उडता, झोपता, खणता येत नाही त्या सगळ्यांचा तोच एक. मे महिन्यातला चांगला डोह कसा असतो? एका बाजूला खडकाची कपार, तिच्यावर करंज, जांभूळ नाहीतर अर्जुन झुकलेला, त्याची मुळे थेट पाण्यात. पाणी हिरवट, कडेला कोमट आणि खोलात हात घातला तर गार, कारण तळातल्या भेगेतून झिरपा चालू असतो. पृष्ठभागावर पाणनिवळ्या. मुळांच्या जटांत टाचण्यांची, म्हणजे चतुरांच्या बारीक बहिणींची, पिल्ले, अंगावर मुळासारखाच तपकिरी रंग. तळाच्या पानांखाली चतुराचे पिल्लू दबा धरून बसलेले; त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तो झटक्यात पुढे फेकला जातो. गाळात चिलटांच्या लाल अळ्या. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा, म्हणूनच तिथल्या कमी प्राणवायूत त्या तग धरतात. भोवतालची दोन-तीन किलोमीटरची जीवसृष्टी या खोलीत दाटीने राहते आणि एकमेकांना खाते. आषाढात ओढा वाहू लागला की इथूनच वर आणि खाली वस्ती पसरते. डोह टिकला तर ऑगस्टमध्ये ओढा भरलेला असतो, प्राण्यांनीही. डोह गेला तर नुसत्या पाण्याने.

थांबलेल्या पाण्याचे कौतुक करतो आहे, तर त्याचा काळा इतिहासही सांगायला हवा. नारू हा रोग वयस्कर मंडळींना आठवत असेल. पायातून हातभर लांब कृमी बाहेर यायचा. त्याची अळी वाहून आणणारा सायक्लॉप्स हाही अपृष्ठवंशी प्राणीच, आणि त्याला पायऱ्यांच्या विहिरींचे, साठवणीचे शांत पाणी मानवायचे. वाहत्या धारेत त्याचे काही चालत नसे. पाणी गाळून पिणे, पायविहिरी बदलणे, यांतून भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. त्यासाठी नद्यांमध्ये विष ओतावे लागले नाही. कोणता प्राणी कुठल्या पाण्यात राहतो एवढे नीट कळले, त्याने काम भागले.

पुराबद्दल थोडक्यात. कडेमचे धरण १९५८ च्या पुरात फुटले होते, आणि जुलै २०२२ मध्ये त्याने पुन्हा सगळ्यांची झोप उडवली. एवढा पूर गोटे लोळवतो, दगडावरचे सगळे खरवडून नेतो. तरी काही आठवड्यांत दगडांवर पुन्हा हालचाल दिसते. पूर ही या प्राण्यांची ओळखीची आपत्ती आहे, तिच्यासाठी त्यांच्याकडे उपाय आहेत. नवी संकटे वेगळी आहेत.

त्यांतले पहिले माती. कपाशीसाठी काळी जमीन उतारावर काठापर्यंत नांगरली जाते. जुलैच्या सरींबरोबर ती बारीक माती ओढ्यात येते आणि गोट्यांमधल्या फटीत बसते. वरून दगड दिसतो, खालची पोकळी बुजलेली असते. दगड उचलायला गेले की तो निघतच नाही, सिमेंटात बसवल्यासारखा. मेफ्लायचे कल्ले चिखलाने माखतात, कॅडिसचे जाळे भरून फाटते. इथे विषारी असे काही नाही, पाण्याची तपासणी कदाचित उत्तीर्ण होईल. राहायला जागा मात्र उरलेली नाही.

दुसरे संकट फवारणीचे. २०१७ मध्ये पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी माणसांचीच दैना इतकी होती, की ओढ्याचा विचार कोणाला सुचणार? पण इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधे मुळात किड्यांच्या मज्जासंस्थेवर चालतात. कपाशीचा तुडतुडा आणि ओढ्यातला मेफ्लाय यांत ती भेद करीत नाहीत. मेफ्लायच्या पिल्लांवर लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेचा दीर्घकाळ परिणाम होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन प्रमुख औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. शेतकऱ्याने फवारूच नये असे म्हणायला मी कपाशी पिकवत नाही. पण फवारणीचा पंप डोहावर धुणे बंद करायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही. ऑक्टोबरात ओढ्याची धार बारीक झालेली असते, तेव्हा एका पंपाचे धुवणही डोहातल्या किड्यांना भारी पडू शकते.

तिसरे, पाण्याचे वेळापत्रक. पैनगंगेवर वर इसापूरचे धरण आहे. खालच्या गावांना उन्हाळ्यात पाणी हवे असते, मागणी होते, निवेदने जातात, मग पाणी सुटते. गावांची गरज खरी आहे. पण कोरड्या पात्रात एप्रिलमध्ये अचानक लोट यायचा आणि आठ दिवसांनी पुन्हा ठणठणाट, या लयीशी कोणत्याच प्राण्याचा परिचय नाही. पाणी आले म्हणून अंडी उबतात आणि पिल्ले वाढण्याआधी ओढा पुन्हा आटतो. २०१६ मध्ये दोन राज्यांच्या करारात असलेल्या चनाखा-कोरटा बंधाऱ्यामागे तर नदीचे तळे होते. तिथे प्राणी नसतील असे नाही. शंख, चिलटांच्या अळ्या, पाणकिडे भरपूर होतील. दगडाला चिकटून प्रवाहात जगणारे जातील. शिंपल्यांची अडचण आणखी निराळी. नदीतल्या अनेक शिंपल्यांची पिल्ले सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात आणि माशाबरोबर वर चढतात. मासा बांधाला अडला की शिंपलाही अडला. जुने शिंपले पुष्कळ वर्षे जगतात, त्यामुळे रेतीत मोठे शिंपले दिसत राहतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. लहान शिंपले दिसतात का, हे पाहायला हवे.

रेतीघाटांविषयी या सभागृहात नव्याने सांगण्यासारखे काही नाही. एवढेच जोडतो, की रेती उपसली की पात्र खोल जाते, शेजारच्या विहिरी जशा उतरतात तसा डोहही उतरतो, आणि मघाचे तळघर ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर जाते.

माझी खरी तक्रार मात्र चांगल्या हेतूने होणाऱ्या कामाविषयी आहे. महाराष्ट्रात जलयुक्त शिवार आले, तेलंगणात २०१५ मध्ये मिशन काकतीय आले. तलावांतला गाळ काढणे हे उत्तम काम, त्याला माझा विरोध नाही. पण त्याच यंत्रांनी नाल्याचे खोलीकरण आणि रुंदीकरण सुरू झाले की ओढ्याचा एकसारखा सरळ चर होतो. काठचे करंज-जांभूळ पहिल्याच दिवशी उपटले जातात, कारण पोकलेनला वळायला जागा हवी असते. गोटे काठावर ढीग होऊन पडतात. पावसाळ्यानंतर त्या चरात पाणी दिसते, फोटो चांगला येतो. मार्चमध्ये सावलीविना तापलेले ते उथळ पाणी हिरवे होते आणि एप्रिलमध्ये चर कोरडा. जुन्या ओढ्यात जिथे तीन डोह जूनपर्यंत टिकायचे तिथे एकही राहत नाही. अंदाजपत्रकात घनमीटर होते, डोहाचा रकाना नव्हता.

‘या किड्यांचा उपयोग काय?’ हा प्रश्न अशा भाषणानंतर हमखास येतो, तेव्हा आधीच उत्तर देतो. मासे त्यांना खातात, पाचोळा ते मार्गी लावतात, संध्याकाळी पाण्यावरून उडणारे पक्षी आणि वटवाघळे त्यांच्यावर जगतात. ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही त्यांनी त्यांना नदीचे फुकट नेमलेले निरीक्षक समजावे.

मग करायचे काय? महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना माझी विनंती आहे. शिंपला आणि खेकडा प्रयोगशाळेच्या ताटात आणून कापणे पुष्कळ झाले. सातनाला आणि कडेम यांच्यावर काही ठिकाणे ठरवा आणि डिसेंबरात, एप्रिलमध्ये आणि पहिल्या पुरानंतर महिन्याने, दरवर्षी त्याच जागी जा. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी, पांढरे ताट, भिंग आणि तापमापक एवढे साहित्य पुरते. जातीपर्यंत ओळख पटली नाही तरी कुळापर्यंत पटवता येते. चतुर-टाचण्यांसाठी फ्रेझर यांचे १९३३ ते १९३६ मधले तीन खंड अजून उपयोगी पडतात, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे गोड्या पाण्यासाठीचे केंद्र हैदराबादलाच आहे. नोंदवहीत पाण्याच्या नोंदीशेजारी दगड सुटा निघतो की रुतलेला, काठावर कोणते झाड, सावली किती, खाली खडक कोणता, हेही लिहा. ही पाच-सहा वर्षांची वही कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाची ठरेल, कारण ती आपल्या आटणाऱ्या ओढ्याची असेल.

आणि ग्रामपंचायतींना व जलसंधारणाच्या अभियंत्यांना सांगणे असे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या गुराख्याला किंवा मासे धरणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन ओढ्याने चालत जा. कोणत्या डोहात अजून पाणी आहे, कोणता दुष्काळातही आटत नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. ते डोह नकाशावर मांडा. काम काढायचेच असेल तर त्या डोहांच्या खालच्या अंगाचा खडकाचा उंबरठा फोडू नका, वरची झाडे काढू नका, आणि मोटार बसवायची तर कमरेएवढे पाणी राखून बसवा. पुढच्या हंगामाची अंदाजपत्रके होण्याआधी ही यादी तयार असली, तर यंत्र कुठे थांबवायचे ते चालकाला चुन्याने आखून दाखवता येईल.

प्रश्नांसाठी मी थांबलो आहे. ताट आणि भिंगही बरोबर आणले आहे.